पौषातली पेरणी

बोरदरीच्या ग्रामपंचायतीत आजवर एकाही ठरावाला कुणी विरोध केलेला नव्हता. हातपंप बसवायचा ठराव सर्वानुमते झाला. तो सरपंचांच्या शेतातल्या आखाड्याशेजारी बसवायचा ठरावही सर्वानुमते झाला. पुढं हातपंप आटला, तेव्हा तो आटला असल्याचा ठरावसुद्धा सर्वानुमतेच झाला. ग्रामसेवक अनिरुद्ध यांनी हिंगोलीहून एक रबरी शिक्काच करून आणला होता, ‘सर्वानुमते मंजूर’. सभा सुरू व्हायच्या आधीच ते तो बुकातल्या कोऱ्या पानाच्या तळाशी उठवून ठेवत. पुढं विषय काय यायचा तो येवो.

असं हे एकदिलाचं गाव. सेनगावपासून जीपनं पाऊण तास, आणि जीप भरायची वाट बघण्यात दीड तास.

दोन हजार दोनच्या जानेवारीत देशात लढाईची हवा होती. दिल्लीत संसदेवर हल्ला झाला होता, सरकारनं सगळी फौज सरहद्दीवर नेऊन उभी केली होती, आणि रेडिओ सकाळ-संध्याकाळ सांगत होता, की आता आर या पार. बोरदरीची सरहद्दीवर गेलेली फौज एका माणसाची होती. रत्नपाल ग्यानोबा पाईकराव. तो इंजिनिअरवाल्या पलटणीत शिपाई होता. ग्यानोबा मात्र सेनगाव ते साखरा भेटेल त्याला सांगायचा, “आपलं पोरगं फौजेत इंजिनेर हाय.”

पोस्टमननं रत्नपालचं पत्र आणून दिलं, तेव्हा पाईकरावांच्या बरड तुकड्यात तूर कापणं चाललं होतं. पद्माबाई पुढं होती. पंचेचाळीस-पन्नासची, काटक, अनवाणी. तूर कापली की जमिनीत बोटभर खुंट उरतो, त्याला सड म्हणतात. तो तासलेल्या खिळ्यासारखा असतो. चप्पल घातली तरी तळातून वर येतो. मग चप्पल वाया घालवण्यापेक्षा पाय बरा, असा पद्माबाईचा तीस वर्षांचा हिशेब. ती न बघता सडामधून चालायची. पाय आपला आपण जागा शोधायचा.

“दीक्षा, वाच माय,” ती इळा खाली ठेवून म्हणाली.

दीक्षा रत्नपालची बायको, बारावी शिकलेली. तिनं हात लुगड्याला पुसले आणि पत्र फोडलं.

“तीर्थरूप आई-बाबांस रत्नपालचा जयभीम. मी खुशाल. कुठं हाय ते लिवायचं न्हाई असा हुकूम हाय. इथं नजर जाईल तवर गहू हाय, गुडघ्याला लागलेला. आमी त्या गव्हात पेरणी करून राहिलो. दिवस उगवल्यापासून मावळस्तोवर पेरतो. वळीनं, मोजून, एक वित खोल. वरून माती सारखी करावी लागते, पेरलं ते दिसलं न्हाई पाहिजे. शेताचा मालक बांधावर उभा राहतो, बोलत न्हाई. एक म्हातारी आमाला रोज ताक आणून देत होती. आता तिला शेतात यायची मनाई झाली. आई, वंदना घेतानी मनातून म्हणत जा, की ही पेरणी उगवू नये.”

दीक्षा थांबली.

“उगवू नये?” ग्यानोबा म्हणाला. “चुकलं असंल लिवायला. उगवावी म्हणायचं असंल.”

“उगवू नये असंच हाय, मामा.”

“घाईत व्हते असं. पण सरकारची अक्कल पाहा. फौज नुसती बसवून ठेवायची तं लाव पेरणीला. खायचं तं काम कर. असं पाहिजे राज्य.”

पद्माबाईला ते पटेना. “पौषात कोण पेरतं?”

“तिकडं थंडी लई. तिकडचा पौष मागून येत असंल.”

“अन् उभ्या गव्हात? लेकरं गव्हात पाय देऊन पेरून राहिली? चांगलं पीक तुडवून?”

“हरभरा असंल मधात. इंजिनेर लोकायच्या डोक्यातलं आपल्याला काय कळते?”

दीक्षानं पत्राची घडी घातली. तिला वेगळं पत्र यायचं, ते ती एकटी वाचायची. त्या दिवशी ती दिवसभर बोलली नाही. पण ती एरवीही फार बोलायची नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

फौज सरहद्दीवर पेरणी करून राहिली, ही बातमी ग्यानोबानं दोन दिवसांत साखऱ्यापर्यंत पोचवली. कुणी म्हणालं सोयाबीन असेल, कुणी म्हणालं सरकारी बियाणं असेल, उगवायचं नाही. म्हणूनच पोरगं ‘उगवू नये’ लिहितं.

तिसऱ्या दिवशी सरपंच मार्तंडराव स्वतः पाईकरावांच्या शेतात आले. चालत आले. सडामधून धोतर सावरत, बगळ्यासारखे एकेक पाय उचलत आले, आणि लांबूनच म्हणाले, “जयभीम, ग्यानोबाराव!”

ग्यानोबाच्या हातातली तुरीची पेंढी तिथंच पडली. साठ वर्षांच्या आयुष्यात सरपंचांच्या घराण्यानं त्याला ‘ग्यानबा’ आणि ‘अरे’ याशिवाय हाक मारली नव्हती. ‘जयभीम’ही आणि ‘राव’ही एकाच दमात आल्यावर उत्तर कशाला द्यावं, हे त्याला कळेना. तो घाईनं “रामराम” म्हणाला.

मार्तंडरावांच्या हातात एक छापील कागद होता. जिल्ह्याच्या कुठल्याशा जागृती समितीनं गावोगाव वाटलेला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव करायचा, की सरकारनं आता न थांबता शत्रूशी युद्ध करावं, गाव पाठीशी आहे. खाली सूचक आणि अनुमोदक यांच्यासाठी टिंबं होती.

“सूचक म्हणून मी माझं नाव घालणार होतो,” मार्तंडराव म्हणाले. “पण म्हटलं, फौजीची आई गावात असताना आपण कोण? पद्माबाई, सूचक तुमी. वीरमाता. दिल्लीला नाव जाईल. पेपरात फोटो.”

“काय करावं लागंल?” पद्माबाईनं विचारलं.

“काही न्हाई. खुर्चीवर बसायचं, हात वर करायचा, सही ठोकायची. तुमचं आडनाव बी पाहा ना कसं, पाईकराव! पाईक म्हंजे शिपाईच की.”

या आडनावाच्या माणसांना गावच्या ओट्यावर पाय ठेवताना याच घराण्यानं कधीकाळी हटकलं होतं. पण तेव्हा लढाई नव्हती, त्यामुळं अर्थ कुणी पाहिला नव्हता.

सरपंच गेले आणि ग्यानोबा बराच वेळ शेतात उभा होता. “खुर्ची म्हणला,” तो शेवटी म्हणाला. “पलास्टिकची का लोखंडी, ते न्हाई बोलला.”

बोरदरीत बायांची सावड आहे. सहा घरांची. आज तुझ्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, लिहिणं नाही. घरटी एक बाई यायची, आपली काठी नाहीतर इळा घेऊन यायची. एकच नियम: हो म्हटलं की यायचं. ‘सावडीत तोंडानं कुणी येत न्हाई, हातानं येतं,’ अशी बायांची बोली आहे. पंचवीस तारखेला सावड भिकाबाईकडं होती, सत्तावीसला पद्माबाईकडं.

भिकाबाईच्या खळ्यावर वाळलेल्या तुरीचा ढीग होता. बाया दोहो बाजूंनी बसून काठ्यांनी बडवत होत्या. शेंगा फुटत, दाणे उडत, अंगाला कूस लागून खाज सुटे. मिराबाई आणि रुख्मिणीबाई पद्माबाईची चेष्टा करत होत्या.

“आता तूर बडवायला ईल का माय तू? का खुर्चीवर बसूनच बडवशील?”

“खुर्ची घेऊन ये म्हणा खळ्यावर. पाळीपाळीनं बसू.”

तेवढ्यात तांड्यावरचा वसराम तिथून चालला होता. वसराम विहिरी खोदायच्या कामावर सुरुंग उडवायचा. सेनगावपासून डोंगरकडा गावापर्यंत निम्म्या विहिरींचा खडक त्यानं फोडलेला. बदल्यात खडकानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतलेली. तो पाणी प्यायला थांबला.

“पद्माबाई, तुझा पोरगा पेरणी करून राहिला म्हणते ग्यानोबा. काय पेरते?”

“पत्रात न्हाई लिवलं. वळीनं पेरते म्हणे. एक वित खोल.”

“वित?” वसराम म्हणाला. “वितभर खोल गेलेलं बी उगवते का?”

“तेच तं मी म्हणून राहिले.”

“आणखी काय लिवलं?”

दीक्षा तिथं होती. ती काठी न थांबवता, पत्र पाठ असल्यासारखं म्हणाली, “मोजून. वरून माती सारखी. पेरलं ते दिसलं न्हाई पाहिजे. मालक बांधावर. म्हातारीला मनाई.”

वसरामनं तांब्या खाली ठेवला. तो उकिडवा बसला आणि आपल्या तीन बोटांच्या हाताकडं पाहत राहिला.

“पद्माबाई,” तो म्हणाला, “हे बियाणं न्हाई. हे आमच्यातलं हाय. सुरुंग. आमचा वात लावली तं उडते. हा पाय पडला तं उडते.”

काठ्या एकेक करून थांबल्या.

“उभ्या गव्हात?” भिकाबाई म्हणाली.

“तिकडून कोणी आलं तं पाय पडावा म्हणून. पण सुरुंगाला काय कळते, पाय कोणाचा ते? माझा हात त्यानं वळखला का?”

ऊन चढलं होतं. वाळलेली शेंग कडक उन्हात कधीकधी आपली आपण तडकते. ढिगातली एक तशी तडकली, आणि खळ्यावरच्या सगळ्या बाया दचकून मागं सरकल्या. आयुष्यभर हा आवाज ऐकलेल्या बाया. नंतर हसावं असं होतं, पण कुणाला हसू आलं नाही.

पद्माबाई दीक्षाकडं वळली. “तुला ठावं व्हतं?”

“माझ्या पत्रात लिवलं व्हतं, आत्याबाई. तुमाला सांगू नको म्हणले.”

पद्माबाईनं काठी उचलली आणि दिवस मावळेपर्यंत तूर बडवली. पण तिच्या डोळ्यांपुढून ते हलेना. नजर जाईल तवर गहू. वारं आलं की सगळा एका अंगावर कलणारा, हिरवागार, ओंबी धरायला आलेला. आणि त्यात कुणी जायचं नाही. ज्यानं पेरला त्यानं नाही, पाखरं हाकायला नाही, कापायला नाही. एवढं पीक उभं असेल आणि त्याला इळा लागणार नाही, हे तिला मनात धरता येईना. दुष्काळ तिनं पाहिला होता. त्यात शेतात काही नसतं. शेतात सगळं आहे आणि पाय ठेवायचा नाही, असला दुष्काळ तिनं ऐकला नव्हता.

दिवेलागणीला भाकरी करताना ती ग्यानोबाला म्हणाली, “मी सूचक व्हनार न्हाई.”

ग्यानोबानं सदरा धुवून वळणीवर टाकला होता. तो त्याच्या बाह्या ओढून सरळ करत होता. “काहून?”

“माझं पोरगं लोकायच्या गव्हात सुरुंग लावून राहिलं. मी इथं बसून म्हणू, आणखी लाव?”

“आपण न्हाई म्हणल्यानं लढाई थांबते का?”

“आपण व्हय म्हणल्यानं व्हते का?”

“न्हाई.”

“मंग व्हय काहून म्हणायचं?”

ग्यानोबा चिडला. “पद्मे, मार्तंडराव सांगून गेला, कागद वर जाते. फौजीची आईच विरुद्ध गेली असं कोणी लिवलं तं? पोराच्या नोकरीवर येईल. त्याला तिथं कोणी विचारलं, तुझी माय कोणाच्या बाजूची, तं काय सांगंल तो?”

हे खरं होतं. तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं आपल्या ताटात घेतली.

“तू बी चल,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “खुर्ची तुला देते.”

सव्वीस तारखेला झेंडा झाला, शाळेच्या लेकरांना गोळ्या वाटून झाल्या, आणि ग्रामसभा भरली. एरवी ग्रामसभेला सातजण असायचे, आणि बुकातल्या बाकीच्या सह्या अनिरुद्ध दुपारभर घरोघर फिरून गोळा करायचे. त्या दिवशी शाळेचं पटांगण भरलं. बायासुद्धा आल्या. लढाई म्हटल्यावर माणूस हातपंपापेक्षा जास्त जमतं.

खुर्ची लोखंडी, घडीची होती. पद्माबाईनं तिच्यावर ग्यानोबाला बसवलं आणि आपण खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. ग्यानोबा इतका ताठ बसला होता, की खुर्ची त्याच्यावर बसल्यासारखी वाटत होती.

मार्तंडराव पाऊण तास बोलले. बोलताना त्यांनी तीनदा शत्रूला पाणी पाजलं. मग त्यांनी ठराव वाचला. “सूचक, सौभाग्यवती पद्माबाई ग्यानोबा पाईकराव!”

टाळ्या झाल्या. अनिरुद्ध यांनी पेन पुढं केलं. पानाखाली शिक्का आधीच उठलेला होता.

“सरपंचसाहेब,” पद्माबाई म्हणाली, “मी सूचक हाय तं मला पुसता ईल ना?”

“पुसा की, बाई.”

“ठराव म्हंजे सावडच ना? समद्यानं व्हय म्हणायचं अन् कामाला लागायचं?”

मार्तंडरावांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. ग्रामसेवक म्हणाले, “तसं म्हणायला हरकत नाही.”

“मंग सावडीत तोंडानं कुणी येत न्हाई. घरटी एक जोडी हात येतात. माझ्या घरचे हात महिना झाला गेलेत. बाकीच्या घरचे कव्हा निघून राहिले?”

बायांच्या बाजूनं हसू आलं. पुरुषांच्या बाजूनं खोकला. मार्तंडरावांचे दोन्ही मुलगे औरंगाबादला दुकानात होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच सगळ्यांनी दुसरीकडं पाहिलं.

तेव्हा प्रमोद उठला. पद्माबाईच्याच वस्तीतला, रत्नपालबरोबर शाळेत गेलेला. “काकू, मी गेलो व्हतो भरतीला. रत्नपालसंगंच. छाती दोन बोटं कमी भरली म्हणून मागं लोटलं. नेलं असतं तं मी बी तिथंच असतो. मंग मला बोलायचा हक हाय का न्हाई?”

पद्माबाईनं त्याच्याकडं पाहिलं. “हाय बाबा. तुला हाय.”

“मंग ऐका. ते कुठं घुसले? ज्या घरात बाबासाहेबांनी घटना देली, त्या घरात. आपलं घर व्हतं ते, काकू. मार्तंडरावाचं नव्हे, आपलं. उद्या कुणी आपल्या विहारात घुसलं तं आपण सावड अन् तूर काढत बसू का? शांत बसलं की आणखी घुसतात. आपल्याला दुसऱ्यानं सांगावं लागते का हे?”

हे मार्तंडरावांच्या पाऊण तासापेक्षा भारी होतं. स्वतः मार्तंडराव ते टिपून घेतल्यासारखे ओठ हलवत होते.

पद्माबाईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिचे हात कालच्या काठीनं फुटलेले होते.

“बराबर बोलला प्रमोद,” ती म्हणाली. “घर आपलंच व्हतं. मला बी झोप न्हाई आली त्या दिवशी. ज्यायनं केलं त्यायला धरा, फासावर द्या. पण तू गव्हाचं सांग. ज्या म्हातारीनं पोराला ताक पाजलं, ती आपल्याच देशातली ना? तिच्या शेतात माझ्या पोरानं सुरुंग लावला. कोणासाठी? तुझ्यासाठी अन् माझ्यासाठी. मंग तिला कोण पुसणार? तिची ग्रामसभा भरली का? अन् पेरलं ते काढावं बी लागते. पेरायला पलटण गेली; काढायला कोण जाईन? हेच लेकरं. हातानं. एकेक.”

“पण देश म्हणजे—” मार्तंडराव म्हणाले.

“थांबा, साहेब. प्रमोदनं घराचं काढलं म्हणून बोलते. त्या घरानं मला काय देलं? जमीन न्हाई देली, विहीर न्हाई देली. एक हात देला. पद्मीचा हात अन् मार्तंडरावाचा हात, दोन्ही एकच मोजायचे म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत तो कोणी मोजला न्हाई. आज मोजा.”

ग्रामसेवक अनिरुद्ध यांनी शिक्क्याकडं पाहिलं. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी हात मोजलेले नव्हते. बुकात विरोधाचा रकानाच नव्हता. ते हळू आवाजात सरपंचांना म्हणाले, “मोजावे लागतील. नियम आहे. मी वाचलेला आहे.”

“बाजूनं!” मार्तंडराव ओरडले.

हात वर झाले. अनिरुद्ध रांगांमधून फिरले, प्रत्येक हाताजवळ पेन नेऊन. मिराबाईनं नवऱ्याकडं पाहून हात वर केला, रुख्मिणीबाईनं मिराबाईकडं पाहून. प्रमोदनं सरळ, झेंड्याच्या काठीसारखा. एकाहत्तर भरले.

“विरुद्ध?”

पद्माबाईचा हात वर गेला. साध्या दिवसासारखा ऊन-वारा होता, शाळेच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, आणि त्या पटांगणात एक हात वर होता. बोरदरीनं धरणं फुटलेली ऐकली होती, भूकंपाचा हादरा अनुभवला होता. पण असं काही पाहिलं नव्हतं. लेकरंसुद्धा गोळ्या चघळायची थांबली. हात खाली येत नव्हता.

मागून वसरामचा वर झाला, तीन बोटांचा. कुणीतरी म्हणालं, “हा पूर्ण मोजायचा का अर्धा?” ते ऐकूही आलं नाही, असं लोक उभे होते. मग भिकाबाईचा.

“तीन,” अनिरुद्ध म्हणाले, आणि लिहायला वाकले.

ग्यानोबानं कुठल्याच वेळी हात वर केलेला नव्हता. तो खुर्चीवर बसून होता. पांढरा सदरा, मांडीवर दोन्ही हात. मार्तंडराव त्याच्याकडं पाहत होते. पद्माबाई पाहत नव्हती.

तो उठला. घडीची खुर्ची त्याच्या मागं फटकन मिटली. त्या आवाजानं अर्धं पटांगण दचकलं.

“पोराचं काय व्हईल ते व्हईल,” तो कुणाकडंही न बघता म्हणाला. “चार लिवा.”

अनिरुद्ध यांनी शिक्क्यातला ‘सर्वानुमते’ हा शब्द पेननं खोडला. शिक्क्याची शाई, लवकर खोडली जाईना. त्याच्या खाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: बाजूने ७१, विरुद्ध ४. लिहून झाल्यावर त्यांनी बुक लगेच मिटलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरं काही लिहिलं होतं, आणि ते वाळेपर्यंत ते त्याच्यावर फुंकर घालत बसले.

सूचक म्हणून मार्तंडरावांनी सही केली. जाताना ते पद्माबाईजवळ थांबले. “बाई, वर उत्तर द्यावं लागलं तं मला सांगू नका.” जयभीम म्हणाले नाहीत. रामरामही नाही.

घरी जाताना ग्यानोबा म्हणाला, “उद्या सावड आपल्याकडं. कोणी येत न्हाई आता.”

“आपलं आपण बडवू,” पद्माबाई म्हणाली.

सत्तावीसला सकाळी दव होतं. पद्माबाई, दीक्षा आणि ग्यानोबा खळ्यावर बसले. थोड्या वेळानं भिकाबाई आली. ती येणारच होती. मग बांधावरून मिराबाई आली, काठी घेऊन. मागून रुख्मिणीबाई, मग उरलेल्या दोन घरच्या बाया. पद्माबाई बडवायची थांबली.

“तुमी तं तिकडून हात वर केला.”

“ते ठरावाचं,” मिराबाई पदर खोचत म्हणाली. “हे सावडीचं. सरक तिकडं.”

प्रमोदची आई सावडीत नव्हती, त्यामुळं त्याचं काय झालं असतं ते कळलं नाही. तो मात्र होळीपर्यंत पद्माबाईशी बोलला नाही. पुढं बोलला, पण त्या विषयावर नाही.

ठराव मार्चमध्ये जिल्ह्याहून परत आला. सोबत चिठ्ठी होती, की मसुद्यात ‘सर्वानुमते’ असा शब्द आवश्यक असून त्यात विरोध दर्शविण्याची तरतूद नाही, सबब त्रुटी दूर करून फेरसादर करावा. अनिरुद्ध म्हणाले, मोजलेलं परत कसं खोडायचं? मार्तंडराव म्हणाले, पुढच्या सभेत पाहू. पुढच्या सभेला सातजण आले. ठराव कपाटात राहिला. रत्नपालला कुणी काही विचारलं नाही. पाऊस लागला, सोयाबीन पेरलं, फौज तिकडं उभीच होती, आणि लढाई काही होईना.

दिवाळीच्या तोंडावर बातमी आली, की सरकार फौज मागं घेतंय. बोरदरीचा आजही ठाम समज आहे, की ते आपल्यामुळं झालं. सगळ्या देशाचे ठराव दिल्लीला पोचले, एक बोरदरीचाच कमी पडला, आणि त्याच्यावाचून सरकारला पुढं जाता येईना. सांगणाऱ्यांत मार्तंडराव आघाडीवर असतात. विरुद्ध मत दिलेल्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चारावरून चाळीसवर गेली आहे.

त्याच दिवसांत रत्नपालचं पत्र आलं. दीक्षानं अंगणात वाचलं. या वेळी तिनं तिचंही पत्र सगळ्यांसमोर उघडलं.

“आई, तो गहू उभ्याउभ्याच वाळून गेला, पाखरानं खाल्ला. आता काढणी चालू हाय. पोटावर पडून, लोखंडी सळईनं माती टोचत, एकेक वित पुढं जातो. नकाशा आमीच काढला व्हता. पेरले तितके मोजून काढायचे. मालक तसाच बांधावर उभा राहतो. आमच्या तुकड्यातले बारा निघंनात. पावसानं सरकले म्हणतात. म्हातारी पुसते, आता जाऊ का शेतात? आमी तिला काय सांगावं ते कळंना.”

ग्यानोबा म्हणाला, “उंदरानं नेले असतील.”

पद्माबाई उठून शेताकडं निघाली. सोयाबीन निघालं होतं, त्याच्या काकऱ्यांतून तूर फुलावर होती, पिवळी, वाऱ्यानं एका अंगावर कलणारी. मधमाश्यांचा आवाज एवढा होता, की शेतच घोंगावतंय असं वाटावं. तीस वर्षं ती या बांधावरून न बघता आत जायची. आज ती बांधावर थांबली. माती सारखी, कुठंही काही न दिसणारी.

तिनं पाय उचलला. थोडा वेळ तसाच धरला. मग खाली ठेवला.

काही झालं नाही. सोयाबीनचा एक सड टाचेला टोचला, नेहमीसारखा. तिनं दुसरा पाय टाकला, मग तिसरं पाऊल, आणि दर पावलाला जमीन नुसती जमीनच निघत होती. एवढी मोठी गोष्ट आजवर रोज आपल्या पायाखाली होत होती आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, याचं तिला नवल वाटत राहिलं. शेताच्या मध्यावर ती उभी राहिली. मग वाकून तिनं तुरीतलं तण उपटायला घेतलं.